एकच रेघ

मराठीच्या प्राध्यापकाने फुलपाखरांवर लेख लिहिला, हे पाहून आमच्या महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे सहकारी भुवया उंचावतील आणि माझे विद्यार्थी म्हणतील, सर आता निसर्गकवितेकडे वळले! दोघांनाही आधीच सांगून टाकतो, फुलपाखरांतले मला काही कळत नाही. कळते ते थोडेफार शब्दांतले. परंतु आपल्या धंद्यातली चूक माणसाला कधी कधी दुसऱ्याच्या धंद्यात डोकावल्यावर उमगते. माझी चूक मला न्यू गिनीच्या रानात, पावसाने भिजलेल्या एका वहीच्या पानावर सापडली. तिचीच ही हकीकत.

माझी थोरली बहीण तेव्हा पापुआ न्यू गिनी या देशातल्या लाए नावाच्या बंदरगावी राहत होती. भाऊजी तिथे इंजिनिअरिंगचे वर्ग घेत. "एकदा येऊन जा," असा तिचा तगादा किती वर्षे चालला होता. शेवटी 2018 च्या मे महिन्यात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे करून मी निघालो. मुंबईहून सिंगापूर, तिथून पोर्ट मोर्सबी आणि पोर्ट मोर्सबीहून पुन्हा विमानाने लाए. पोर्ट मोर्सबी ही देशाची राजधानी आणि लाए हे दुसऱ्या क्रमांकाचे शहर, पण या दोहोंना जोडणारा रस्ता नाही. मध्ये डोंगरांची अशी भिंत उभी आहे की विमानाने जा, नाहीतर बोटीने समुद्राला वळसा घाला. याच लाएहून 1937 च्या 2 जुलैला अमेलिया इअरहार्ट ही प्रसिद्ध वैमानिक विमानातून निघाली आणि पुन्हा कधी कोणाच्या दृष्टीस पडली नाही. उतरल्या उतरल्या भाऊजींनी ही माहिती मला मोठ्या उत्साहाने दिली.

"मे महिन्यात इथे ऊन शोधायला आलास होय रे?" दारातच ताई म्हणाली. लाएला वर्षाकाठी साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याचा जोर नेमका आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांतच असतो. चार दिवस मी खिडकीत बसून पागोळ्या मोजल्या. पाचव्या दिवशी भाऊजी म्हणाले, "मास्तर, तुम्ही नुसते बसून कंटाळाल. माझ्या ओळखीच्या एक युरोपियन बाई फुलपाखरांची पाहणी करायला डोंगरापलीकडच्या एका गावी निघाल्या आहेत. त्यांना वही सांभाळणारा माणूस हवा आहे. जाता?"

वही सांभाळणे हे काम मला येते. मी गेलो.

*भाषांचे आणि पंखांचे रान*

या देशाविषयी दोन आकडे आधी सांगतो. महाराष्ट्राच्या दीडपट आकाराच्या या मुलखात आठशेच्या वर भाषा बोलल्या जातात. बोली नव्हेत, भाषा! एका खोऱ्यातल्या माणसाचे बोलणे पलीकडच्या खोऱ्यात कळत नाही. काही भाषांचे बोलणारे लाखावर आहेत, तर काहींचे बोटांवर मोजण्याइतके. दुसरा आकडाही तसाच आहे. या देशात फुलपाखरांच्याही आठशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. साऱ्या ब्रिटनमध्ये त्या साठही भरत नाहीत. मायकेल पार्सन्स या अभ्यासकाने या फुलपाखरांवर विसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रंथ लिहिला. तो उचलायला दोन हात लागतात, पण त्यातही कित्येक जातींच्या अळ्या काय खातात याची जागा कोरीच आहे.

इथल्या फुलपाखरांच्या अभ्यासाची एक आठवण तर बंदुकीच्या बाराची आहे. ऐकणाऱ्याला ही थाप वाटेल, पण खरी आहे. 1906 साली अल्बर्ट मीक नावाचा गोरा संग्राहक लंडनच्या वॉल्टर रॉथशील्डसाठी इथली राने धुंडाळत होता. झाडांच्या शेंड्यांवरून पाखरासारखे संथ उडत जाणारे एक फुलपाखरू त्याला दिसले. जाळे तिथवर पोचेना, तेव्हा बारीक छऱ्यांची बंदूक झाडून त्याने ते खाली पाडले. ती मादी होती. या जातीच्या मादीचे पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस सेंटिमीटर आणि वर भरतात, म्हणजे जवळजवळ एक वीत आणि चार बोटे. जगातले हे सर्वांत मोठे फुलपाखरू. रॉथशील्डने 1907 साली त्याला इंग्लंडच्या अलेक्झांड्रा राणीचे नाव दिले. छऱ्यांनी भोके पडलेली ती मादी आजही लंडनच्या संग्रहालयात आहे.

राणीचे राज्य मात्र फार लहान निघाले. देशाच्या आग्नेय भागात पोपोंडेट्टा गावाच्या आसपासचा थोडासा मुलूख, एवढाच तिचा वावर. तिची अळी एका विशिष्ट वेलीची पाने खाते. त्या वेलीच्या कुळातली आपल्याकडची वेल म्हणजे ईश्वरी, जिला कोणी सापसण म्हणतात. या वेलींत एक विष असते. अळी ते पचवते, अंगात साठवते आणि मग पाखरे तिच्या वाटेला जात नाहीत. आपल्या सह्याद्रीतली मोठी काळी-पिवळी फुलपाखरेही याच कुळातल्या वेलींवर वाढतात. 1951 च्या जानेवारीत पोपोंडेट्टाजवळचा लॅमिंग्टन डोंगर फुटला. तो ज्वालामुखी आहे याची कोणाला कल्पना नव्हती. सुमारे तीन हजार माणसे गेली आणि राणीच्या रानाचा सुमारे अडीचशे चौरस किलोमीटरचा पट्टा जळून गेला. जे उरले त्यात पुढे तेलमाडाचे मळे घुसले. आज या फुलपाखराच्या व्यापाराला जगभर बंदी आहे.

पण बंदीच्या जोडीला या देशाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. ज्या जाती विपुल आहेत त्यांची शेती करायला गावकऱ्यांना शिकवले. लाएपासून काही तासांवरच्या बुलोलो गावी 1978 साली त्यासाठी सरकारी संस्था निघाली. परसाच्या कडेला वेली लावायच्या, जास्वंदीसारखी मधाची झुडपे लावायची आणि स्वस्थ बसायचे. फुलपाखरे आपणहून येतात, अंडी घालतात. काही कोश विकायचे, काही उडू द्यायचे. रान तोडले तर वेल जाते आणि वेल गेली तर पैसा जातो, हे गणित समजायला शाळेची पायरी चढावी लागत नाही.

*परवानगीची सुपारी*

आमचे गाव डोंगराच्या पायथ्याशी होते. मला वाटले होते, पोचताच जाळी घेऊन रानात शिरायचे. तसे काही झाले नाही. या देशातली जवळजवळ सगळी जमीन सरकारची नाही, भावकीची आहे. नदीच्या या वळणापासून त्या झाडापर्यंत एका भावकीचे रान, पुढे दुसरीचे. रान ज्यांचे, त्यातली फुलपाखरेही त्यांचीच. तेव्हा पहिली संध्याकाळ परवानगीत गेली. वडीलधारी मंडळी गोल बसली. सुपारी फिरली. ओली सुपारी, मिरवेलीची हिरवी शेंग आणि चुना. पान नाही, कात नाही, पण तोंड रंगते तेच. मी मनमुराद चावली, आणि परका पाहुणा सुपारीला सरावलेला पाहून एका आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बाईंच्या पत्रापेक्षा त्या सुपारीने काम लवकर झाले असे माझे मत आहे.

तिथेच माझी ओळख एका तरुणाशी झाली. पंचविशीतला, सडपातळ, हसला की लाल दात दिसणारा. मदांगजवळ बिनातांग संशोधन केंद्र नावाची संस्था आहे. वोयटेख नोवोत्नी या चेक शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह ती उभी केली. खेड्यापाड्यांतल्या मुलांना हाताशी धरून अळ्या कशा वाढवाव्यात, कीटक कसे टाचावेत, नोंदी कशा ठेवाव्यात हे तिथे शिकवतात. हा तरुण असेच शिक्षण घेऊन आपल्या गावी परतला होता. 'बिनातांग' हा शब्द मूळ मलाय भाषेतला, अर्थ जनावर. इथल्या टोक पिसिन या बाजारी भाषेत तो आला आणि त्याचा अर्थ झाला किडा. शब्दही माणसांसारखेच, गाव बदलले की धंदा बदलतात. फुलपाखराला त्या भाषेत म्हणतात 'बाताप्लाय'. हे इंग्रजीचेच लेकरू आहे, पण नाक-डोळे आईसारखे राहिलेले नाहीत.

टोक पिसिनने मला पहिल्याच दिवशी जिंकले. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत भेद नाही. मराठीत आहे, आणि या भाषेतही आहे. ऐकणाऱ्याला वगळून 'मिपेला', ऐकणाऱ्याला धरून 'युमी'. साता समुद्रांपलीकडे 'आपण' भेटल्यावर परके कसे वाटावे?

दुसऱ्या दिवसापासून पाहणी सुरू झाली. तिची रीत ऐकायला सोपी आहे. रानातली एक वाट ठरवायची. रोज उन्हाच्या वेळी त्याच वाटेने, त्याच संथ चालीने जायचे. पुढे पाच मीटर आणि दोन्ही बाजूंना थोडे, एवढ्या चौकोनात जे फुलपाखरू येईल तेवढेच मोजायचे. मागे फिरायचे नाही, गेलेल्याच्या मागे धावायचे नाही. इंग्लंडमध्ये अर्नेस्ट पोलार्ड यांनी 1970 नंतरच्या दशकात ही चाल बसवली. शिवाय सावलीतल्या जातींसाठी कुजक्या केळ्यांचे आमिष ठेवून जाळीचे पिंजरे टांगायचे. जे ओळखू येत नाही ते जाळ्यात धरायचे आणि कागदाच्या तिकोनी पुडीत ठेवून पुडीवर तारीख, ठिकाण आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची. ती उंची आणि तारीख नसेल तर कितीही सुंदर फुलपाखरू शास्त्राच्या दृष्टीने रंगीत कागद आहे, असे बाई म्हणाल्या. मला आमच्या जुन्या पोथ्यांची आठवण झाली. शक आणि लेखकाचे नाव नसलेली पोथी अशीच पोरकी असते.

माझे काम रेघा मारण्याचे. तरुण आणि बाई नाव पुकारत, मी त्या नावापुढे रेघ ओढत असे. पहिल्याच दिवशी निळ्या विजेसारखे एक फुलपाखरू वाटेवरून गेले. ते युलिसिस. त्यापाठोपाठ एक पिवळे आले तेव्हा मात्र मी चकित झालो. ते हुबेहूब आमच्या पुण्याच्या बागेत दिसणारे. बाई म्हणाल्या, तेच आहे. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा संचार आहे. परदेशात गाववाला भेटावा तसा आनंद झाला. तिथल्या भाषेत सांगायचे तर 'वन्टॉक' भेटला. वन्टॉक म्हणजे आपली भाषा बोलणारा.

दुपारी बाराएकच्या सुमारास पाऊस यायचा आणि पाहणी संपायची. मग भाजलेली रताळी. सकाळी रताळी, रात्री रताळी. सहा दिवस मला रोज एकादशी घडली.

*"माझे ते कुठे गेले?"*

चौथ्या दिवशीची गोष्ट. झाडीच्या सावलीत पांढुरक्या पंखांवर मोठाले डोळे असलेली फुलपाखरे खालून खालून तरंगत होती. त्यांचे नाव टेनारिस. ती त्या वाटेवर पुष्कळ, त्यांच्या नावापुढे मी रेघांचे कुंपणच घातले होते. इतक्यात तरुण थांबला आणि त्याने एक वेगळेच नाव पुकारले. ते शास्त्रीय नाव नव्हते, त्याच्या भाषेतले होते. मी पाहिले तर मला टेनारिसच दिसले. तरी मी ते नाव देवनागरीत लिहून घेतले आणि पुढे एक रेघ मारली. आपल्या लिपीत कोणताही उच्चार उतरवता येतो याचा मला अभिमान आहे, तो तिथेही मिरवून घेतला.

सहाव्या दिवशी रात्री कंदिलाच्या उजेडात मी यादीची स्वच्छ प्रत करायला बसलो. यादी पाहून माझा थोडा विरसच झाला होता. पाच-दहा नावांपुढे रेघांची गर्दी आणि निम्म्याहून अधिक नावांपुढे एकेकच रेघ! शिस्तीच्या माणसाला हे अव्यवस्थित वाटते. एकेक रेघांपैकी बहुतेकांना निदान शास्त्रीय नाव होते. त्या एका नावाला तेही नव्हते. मी विचार केला, एकदाच दिसले, नाव ठाऊक नाही, माझ्या डोळ्यांना तर ते टेनारिसच दिसले. नजरचूक असणार. मी ती ओळ गाळली आणि टेनारिसच्या कुंपणात आणखी एक रेघ घातली.

सकाळी तरुणाने प्रत वाचली. वरून खाली, मग पुन्हा वरून खाली. मग माझ्याकडे पाहून विचारले, "सर, माझे ते कुठे गेले?"

मी माझी कारणे सांगितली. तो रागावला नाही. मला घेऊन तो त्याच वाटेने गेला आणि एका रानटी पोफळीखाली थांबून त्याने पान उलटे केले. खाली एकच अंडे होते, मोहरीएवढे. मग तो सांगू लागला. टेनारिसची मादी अंड्यांचा घोस घालते. तिच्या केसाळ अळ्या घोळक्याने राहतात, घोळक्याने खातात. ही त्या दिवशी या पानावर एकच अंडे ठेवून उडाली होती. हिची अळी हिरवी, डोक्यावर शिंगे असलेली, एकटी राहणारी. त्याच्या आजीला ही अळी लहानपणापासून ठाऊक होती. आजीच्या भाषेत दोघींना दोन वेगळी नावे होती.

बाईंनी पानावरची ती खूण पाहिली, त्या दिवशी तरुणाने काढलेला धूसर फोटो पाहिला आणि पुस्तक उघडले. एलिम्निआस अगोंडास. याची मादी टेनारिसचे सोंग घेते. पाखरे टेनारिसला टाळतात, म्हणून तिच्या वेषात ही सुखाने फिरते. पाखरांना फसवणाऱ्या वेषाने मराठीचा एक प्राध्यापकही फसवला. याच कुळातले फुलपाखरू आपल्या कोकणातल्या माडापोफळींवरही असते, आणि तिथेही मादी दुसऱ्याच जातीची नक्कल करते. म्हणजे शास्त्राला हे फुलपाखरू नवे नव्हते. पण आमच्या यादीतून ते जवळजवळ नाहीसे झाले होते.

बाई म्हणाल्या, "प्रोफेसर, पंख पाहून आम्हीही फसतो. कोस्टा रिकात एकच समजले गेलेले एक फुलपाखरू 2004 साली दहा जातींचे निघाले. पंख सगळ्यांचे सारखे. पण गावातल्या माणसांनी वर्षानुवर्षे अळ्या वाढवल्या होत्या. अळ्यांचे रंग वेगळे, खाण्याची झाडे वेगळी. पेशींतल्या डीएनएने नंतर त्याच गोष्टीला दुजोरा दिला."

तरुण एवढेच म्हणाला, "वनपेला तासोल. तासोल एम इ स्ताप." टोक पिसिनमध्ये 'तासोल' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, 'फक्त' आणि 'पण'. वाक्याचा अर्थ असा: एकच फक्त. पण आहे.

*न दिसलेल्यांची मोजदाद*

त्या दुपारी पाऊस लवकर आला. छपराखाली बसून बाईंनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी जन्मभर विसरणार नाही.

स्टीव्हन कॉर्बेट नावाचा एक इंग्रज मलायात रबराच्या संशोधनसंस्थेत रसायनतज्ज्ञ होता. फावल्या वेळात तो फुलपाखरे जमवी. मलायाही तेव्हा नीटसा धुंडाळलेला नव्हता. त्याच्या संग्रहात 620 जाती झाल्या. त्यांपैकी 118 जातींचा एकेकच नमुना होता, 74 जातींचे दोन-दोन, 44 जातींचे तीन-तीन, 24 जातींचे चार-चार. कॉर्बेटला प्रश्न पडला, मी आणखी तितकाच काळ हिंडलो तर नव्या किती जाती सापडतील? त्याने हा प्रश्न रोनाल्ड फिशर या थोर संख्याशास्त्रज्ञापुढे ठेवला. जे पाहिलेच नाही ते मोजायचे कसे? मला विचारले असते तर मी म्हणालो असतो, हे वेदान्त्यांना विचारा. पण फिशरने उत्तर शोधले, आणि 1943 साली कॉर्बेट आणि विल्यम्स यांच्यासह त्याने ते प्रसिद्ध केले. पुढे 1956 साली गुड आणि टूलमिन यांनी शाळकरी पोराला करता येईल इतकी सोपी रीत दिली. 118 मधून 74 वजा करा, 44 मिळवा, 24 वजा करा, आणि असेच शेवटपर्यंत. उत्तर येते सुमारे 75. म्हणजे आणखी तितकेच हिंडलात तर पंचाहत्तरएक नव्या जाती भेटतील.

याचे मर्म एवढेच की, जे अजून दिसले नाही त्याची खबर जे एकदाच दिसले ते देते. समजा, तुम्ही शंभर फुलपाखरे पाहिली आणि त्यांतली वीस अशी की त्यांच्या जातीचे दुसरे दिसलेच नाही. तर एकशेएकावे फुलपाखरू नव्या जातीचे असण्याचा संभव सुमारे पाचात एक. ही युक्ती गुडने 1953 साली मांडली आणि तिचे श्रेय युद्धकाळातला आपला सहकारी अ‍ॅलन ट्युरिंग याला दिले. शत्रूच्या सांकेतिक संदेशांची उकल करणारी ही माणसे! एकेकट्या रेघा जितक्या जास्त, तितके रान अजून अनोळखी. एकेकट्या रेघा संपत आल्या तर समजावे, या वाटेची बहुतेक ओळख झाली.

"म्हणून," बाई म्हणाल्या, "यादीतून काही गाळायचेच असेल तर गर्दीतल्या दहा रेघा गाळा. थोडे बिघडेल. एकटी रेघ गाळलीत तर जे पाहिले नाही त्याचा हिशेबही चुकतो."

मग त्या सहज बोलून गेल्या, "तुम्ही भाषेचे ना? 1976 साली एफ्रॉन आणि थिस्टेड या दोघांनी हीच रीत शेक्सपिअरला लावली. त्याच्या लेखनात 31,534 वेगळे शब्द आहेत, त्यांपैकी 14,376 एकेकदाच आलेले. त्यावरून त्यांनी अंदाज केला की त्याला ठाऊक असलेले पण कधी न लिहिलेले आणखी निदान पस्तीस हजार शब्द असावेत."

मी काही बोललो नाही. पागोळ्यांकडे पाहत राहिलो. मला सावंतवाडी तालुक्यातले आमचे जुने घर आठवत होते.

*आजीची चिठ्ठी*

1999 साली मी एम. ए. च्या निबंधासाठी आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरून घेतल्या होत्या. मी पुण्यात वाढलेला, सुटीत पंधरा दिवस तिच्याकडे जाणारा. ती पहाटे ओव्या म्हणे, मी वहीत लिही. पुण्याला येऊन प्रत्येक शब्दाची चिठ्ठी केली. कोणता शब्द किती वेळा आला, त्याच्या रेघा मारल्या. रेघांची गर्दी असलेले शब्द पाहून मी खूश होतो. एकेकदाच आलेले आणि कोशात चटकन न सापडलेले शब्द मात्र निबंधाची घडी विसकटत होते. मी ठरवले, ही आपल्या कानाची चूक. त्या चिठ्ठ्या बाजूला काढल्या आणि पुढे खोली बदलताना रद्दीत गेल्या. कोणी मला तसे करायला सांगितले नव्हते. तो माझाच नीटनेटकेपणा.

त्यातल्या एका चिठ्ठीवर 'पिसोळं' असा शब्द होता. मला वाटले, आजी 'पिसं' म्हणाली असेल. दहा वर्षांनी वर्गात गोव्याची एक विद्यार्थिनी होती. कवितेत फुलपाखरू आले तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "आमच्यांत पिसोळें म्हणतात." मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. आजी सहा वर्षांपूर्वी गेली होती. तिच्या ओवीत फुलपाखरू होते आणि मी ते टिपून घेऊन पुन्हा मारून टाकले होते. तो एक शब्द तरी आठवणीत राहिला. बाकीच्या चिठ्ठ्यांवर काय होते ते आता कोणालाच सांगता येणार नाही. आजी समोर बसली होती, हातातला खुंटा थांबवून तिने सांगितलेही असते. पण मी विचारलेच नाही. न्यू गिनीतला तो तरुण आपल्या आजीला विचारत होता.

त्या रात्री मी यादीची प्रत पुन्हा केली. टेनारिसच्या कुंपणातली माझी खोटी रेघ खोडली. एलिम्निआस अगोंडासची ओळ घातली, शेजारी तरुणाच्या आजीचे नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये लिहिले, पुढे एकच रेघ. बाई म्हणाल्या, पुढच्या पाहणीत प्रत्येक जातीसमोर गावातल्या नावासाठीही एक रकाना ठेवू. तरुणाला मी विचारले, "ही नावे छापली तर तुझ्या भावकीची हरकत नाही ना? फुलपाखरे तुमची आहेत." तो हसला. "बाताप्लाय बिलाँग युमी," म्हणाला. त्याने 'मिपेला' म्हटले नाही. 'युमी' म्हटले.

परत आल्यापासून माझ्या टेबलावर एक पत्र्याचा डबा आहे. दरवर्षी मी विद्यार्थ्यांना सुटीत घरच्या वडीलधाऱ्यांचे शब्द टिपून आणायला सांगतो. एकदाच ऐकलेला शब्द कोणी खोडायचा नाही. त्याची चिठ्ठी डब्यात जाते, तिच्यावर गाव, तारीख आणि बोलणाऱ्याचे नाव. 2015 साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला आपले राज्य-फुलपाखरू ठरवले, देशात असे करणारे हे पहिले राज्य. तेव्हापासून मुले फुलपाखरांचीही गावठी नावे हौसेने आणतात. डबा अजून शिस्तीत लावलेला नाही. एकेकट्या रेघांची गर्दी आहे. पूर्वी मला तिने संकोच वाटला असता. आता वाटते, रान अजून मोठे आहे.

पुढच्या वर्षी ताईचा फोन आला. घरच्या गोष्टी झाल्यावर म्हणाली, "अरे, तुमच्या त्या गावाहून तो मुलगा आला होता, बाईंची वही पोचवायला. तुझ्यासाठी निरोप आहे. मला काही कळला नाही, पण त्याने दोनदा म्हणवून घेतला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सरांना सांगा, त्यांच्या रेघेशेजारी दुसरी रेघ पडली."